बरा झालेला घोटा

थेरपिस्टने एका हाताने काकूंची नडगी धरली, दुसऱ्या हाताने घोट्याचं हाड हळूच मागे ढकललं. सुरुवातीला इथे दगडासारखं अडायचं. आज सांधा सहज सरकला.

"उभ्या राहा बघू. नुसत्या उजव्या पायावर. डोळे मिटून."

काकू उभ्या राहिल्या. पाय जरासुद्धा लटपटला नाही. डावा हात मात्र आपोआप कोपरात वळून कमरेशी आला.

"हात मोकळे सोडा की, काकू. कडेवर कुणाला घेतलंय?" थेरपिस्ट हसला. त्याच्या हातांना तोड नव्हती, जिभेला हाड नव्हतं.

खिडकीशी बसलेल्या लेकीने मान फिरवली. चार वर्षांपूर्वी जिन्यात हाच पाय मुरगळला, तेव्हा काकूंच्या कडेवर तिची छकुली होती. काकूंना खरचटलं तेवढं. छकुली गेली. त्याआधीही हा पाय कितीदा तरी मुरगळला होता. दर वेळी तेल चोळून, पट्टी गुंडाळून काकू कामाला लागायच्या. तरी लेक आजवर एकच म्हणत आली होती, "पायच तसा होता गं, आई. तू तरी काय करणार?" त्या एका वाक्यावर काकूंनी चार वर्षं काढली होती.

"झालं. या पायाची काळजी मिटली," थेरपिस्ट हात पुसत म्हणाला. "उगाच इतकी वर्षं अंगावर काढलंत. थोडं सांध्याला मोकळं करायचं, थोडा तोल सांभाळायचा व्यायाम. एवढंच तर होतं."

काकूंनी डोळे उघडले. "पाच वर्षांपूर्वी आले असते तर?"

"तर तेव्हाच खडखडीत बरा झाला असता."

तो आपल्याच कामावर खूश होता. काकूंनी लेकीकडे पाहिलं आणि नेहमीच्या त्या वाक्याची वाट पाहिली. लेक वाकून त्यांच्या चपला पुढ्यात ठेवत होती. तिने त्या सरळ लावल्या, आणि पुष्कळ वेळ तशीच वाकून राहिली.

दाराबाहेर जिना होता. इतके दिवस लेक इथे आईचा दंड घट्ट धरायची. आज ती दोन पायऱ्या पुढे उतरली आणि मागे न बघता म्हणाली,

"ये. आता तुझी तू उतरू शकतेस."