अकरा रविवारांचा एक दिवस

“हलू नकोस,” म्हणत वहीवालीनं हिरोच्या पाठीमागून शर्टाची मूठभर चूण धरली आणि तिला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावले. समोरून शर्ट अंगाबरोबर बसला. मागून हिरोलाच दोरीवर टाकल्यासारखं दिसत होतं. “मागून कोण बघतंय?” कॅमेऱ्यामागून साहेब म्हणाला. “चला, ऊन पळतंय. आज शेवटचा रविवार आहे.”

साहेब म्हणजे दिग्दर्शक. कॉलेजच्या त्या टोळीत दमडी कुणालाच मिळणार नव्हती, म्हणून हुद्दे मात्र भारी होते. कॅमेरा साहेबाच्या मामाच्या फोटो स्टुडिओतला. मामाला लग्नाची ऑर्डर नसेल त्याच रविवारी तो हाती लागायचा. माईक फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला बांधलेला. शहराबाहेरची बंद दगडखाण फुकट होती, तिच्यामागचा उतारही फुकट. आणि वहीवालीकडे तिची वही होती.

गोष्ट साधीच होती. घरातून रुसून निघालेला मुलगा दिवसभर भटकतो आणि संध्याकाळी उतारावरून घराकडे धावत सुटतो. पडद्यावर एकच दिवस, शूटिंगला मात्र अकरा रविवार. म्हणजे पहिल्या रविवारी जे बटण उघडं होतं, ते अकराव्या रविवारीही उघडंच हवं. हे बघायचं काम वहीवालीचं. ती दर रविवारी हिरोचे फोटो काढायची, वहीत चिकटवायची आणि डोळ्यांत तेल घालून ताडून बघायची.

सुरुवात शेवटच्या सीनपासून झाली होती. तो हट्ट हिरोचा. “अंगात दम आहे तोवर ती धाव उरकून टाकू,” तो म्हणाला होता, “मग मागे मागे येत जाऊ.” सगळे हसले होते. साहेबाचं त्यात काही अडत नव्हतं. त्या पहिल्या रविवारी हिरो उतारावरून असा काही सुटला की त्याच्याबरोबर धावणारा माईकवाला दांड्यासकट तोंडावर आपटला.

पाचव्या रविवारपासून वहीवालीची पंचाईत व्हायला लागली. हिरोनं हात वर केला की घड्याळ कोपराकडे घसरायचं. कमरेचा पट्टा तिसऱ्या भोकातून पाचव्यात गेला, मग हिरोनं खिळ्यानं नवीन भोक पाडून आणलं. एकदा ती सगळ्यांसमोर त्याच्यावर करवादली. “तुझं ते डाएट आधी बंद कर. एका दिवसात माणूस इतका वाळतो का? माझ्या कामाचे बारा वाजवतोयस.” हिरोनं कान पकडले आणि तिच्या डब्यातली दोन केळी मुकाट्यानं खाल्ली. थोड्या वेळानं खाणीच्या कडेला जाऊन त्यानं ती ओकून टाकली. माईकवाल्यानं ते पाहिलं, पण ऊन लागलं असेल, असं त्याला वाटलं.

आता या शेवटच्या रविवारी गोष्टीतला पहिला सीन उरला होता. रागानं फाटकाला लाथ मारून घराबाहेर पडायचं, एवढंच. शर्टाखाली दोन बनियन, गालांत कापूस, पाठीला चिमटे. हिरोनं लाथ मारली आणि तोच खाली बसला. उठताना त्यानं वहीवालीच्या खांद्यावर हात टाकला. हाताला वजन असं नव्हतंच. तिनं वहीत लिहिलं, ‘कॉलर डावीकडे वळलेली.’

महिन्याभरात हिरो गेला. आजाराचं नाव तिला त्याच्या घराच्या जिन्यात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडून कळलं. घरी येऊन तिनं वही उघडली. घड्याळ, पट्टा, गाल, सगळं तारीखवार होतं. अकरा रविवार त्याच्याकडे सगळ्यांत बारकाईनं तीच बघत होती आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. वर डाएटवरून बोललीही होती. त्या दिवशी ती पोटभर रडली, तरी मन हलकं झालं नाही.

साहेबानं फिल्म कशीबशी जोडली. हिरोच्या आईनं ती बघायला मागितली, तेव्हा तिच्यासमोर जायचा त्याला धीर होईना. आपला खंगलेला मुलगा त्या माउलीनं पुन्हा का बघावा, असं वहीवालीलाही वाटत होतं. पण लॅपटॉप घेऊन शेवटी तीच गेली.

फिल्म बारा मिनिटांची. पहिल्याच सीनला फाटकाशी तो ओढलेला चेहरा आला आणि वहीवालीनं मान खाली घातली. आई बघत राहिली. मग खाण आली, रस्ता आला. वहीवालीनं हळूच वर पाहिलं. गाल भरत चालले होते. घड्याळ मनगटावर जागेवर आलं होतं. संध्याकाळच्या उन्हात तो उतारावरून धडधाकट धावत आला, थेट कॅमेऱ्यात.

“काकू, मला माफ करा,” वहीवाली म्हणाली. “गोष्ट एका दिवसाची आहे, पण तो दर सीनला वेगळा दिसतो. ते सांभाळायचं काम माझं होतं. माझ्याकडून चुकलं.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग तिनं वहीवालीला जवळ ओढलं.

“तुझं काही चुकलं नाही गं. रिपोर्ट आला त्या संध्याकाळीच तो मला म्हणाला होता, ‘आई, मी त्यांना शेवटापासून सुरू करायला लावतो, म्हणजे तुला मी बरा होत होत घरी येताना दिसेन.’”