झुकायचं बटण

गेममधली माझी तलवारवाली राजापुढे झुकेना. मी बटण दाबत राहिले. टक, टक, टक. ती मान वर करून पडद्यातून थेट माझ्याकडे बघत राहिली.

"कुणाचं ऐकत नाही म्हणजे तुझ्यावरच गेलीय," माझा भाऊ रियाज म्हणाला. मी कंट्रोलर बंद करून कपाटात टाकला.

दुपारी मला बघायला मांजरी गावाहून पाहुणे आले. मी नको म्हटलेलं कुणी ऐकलंच नव्हतं. अम्मीने सरबताचा ट्रे हातात दिला. "मान खाली ठेव, नसीम. काही विचारलं तर हो म्हण."

दारात पोचले, तेव्हा आवाज आला. टक. माझा पाय आपोआप पुढे पडला.

टक. मान झुकायला लागली.

आवाज कपाटातून येत नव्हता, वरून येत होता. आणि कसब्यातल्या आमच्या खोलीवर मजला नाही, नुसता पत्रा आहे.

टक, टक, टक. मानेच्या शिरा तटतटल्या. सगळे पाहुणे बघत असताना मी ट्रे जमिनीवर ठेवला, मान वर केली आणि पत्र्याकडे रोखून पाहिलं.

"दाब," मी म्हणाले. "दाब हवं तेवढं."