सोनकीतला फोटो

मुलगी बघायला पठारावर आलेल्या पाहुण्याला सोनकीच्या पिवळ्या फुलांत फोटो हवा होता. त्याचा मोबाइल धरून ती मुलगी, रखमा झोरे, म्हणाली, "मागं सरकू नका. फुलांमागं कडा हाय." तोवर तो सरकला होता.

कड्याखालच्या झुडपाला धरून तो लोंबकळत राहिला. रखमानं पालथं पडून त्याचं मनगट पकडलं आणि खड्ड्यातलं रेडकू ओढावं तसं त्याला वर ओढलं. एक बूट दरीत गेला.

"काय झालं गं?" वडिलांनी अंगणातून हाक दिली.

"काय न्हाई. फुलं बघत्यात."

तो बराच वेळ फुलांत बसून राहिला. तिचा हात त्यानं सोडला नाही आणि तिनंही काढून घेतला नाही.

घरी पोहे झाल्यावर त्याच्या मामांनी विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?"

"मघाशी मी मरत होतो, हिनं वर काढलं," तो म्हणाला. "पसंती तिला विचारा."

रखमाला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघू लागले, तेव्हा तिला उगाच रडू आलं. ते तिनं गिळलं.

"चालंल," ती म्हणाली. "म्हायेरी मातुर मी एकलीच येणार. ह्यांला हितला कडा झेपायचा न्हाई."