गाण्याआधीचा श्वास

तबकडीवर सुई टेकवण्याआधी लॉर्नाने बाळाच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. ऊब लागली. मग तिने सुई सोडली.

"अगं, जिवंत आहे ती," गॅविन म्हणाला. "मी आल्यापासून किती वेळा बघशील?"

"तुला मूल झालं की विचारीन."

"मला कोण देतंय मूल! मी गिटार वाजवतो आणि पोरी ड्रमवाल्याचा नंबर मागतात."

लॉर्ना हसली, पण आवाज न करता. नेल नुकतीच रडून रडून तिच्या खांद्यावर झोपली होती.

तबकडी कोऱ्या पांढऱ्या पाकिटातून आली होती. बँडचा पहिला अल्बम. कारखान्याने नमुना पाठवला होता. तो कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, कुठे खरखर, कुठे टिचकी असली तर कळवायची, मग बाकीच्या प्रती निघणार. बँडमध्ये सगळ्यात तिखट कान लॉर्नाचा. ती आता बँडमध्ये नव्हती, हा विषय गॅविनने आल्या आल्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळून टाकला होता.

गाणी तिचीच होती. हल शहरातल्या याच घरात, याच स्वयंपाकघरात, बंदराचे भोंगे ऐकत रचलेली. आवाज तॅम्झिनचा होता. अल्बम निघाला की दौरा, आणि तान्ह्या पोरीला व्हॅनमध्ये घालून गावोगाव कोण फिरणार! रेकॉर्ड कंपनीने लंडनहून तॅम्झिनला आणलं, लॉर्नाने गायलेलं सगळं पुसलं आणि तिच्याकडून नव्याने गाऊन घेतलं. तबकडीवर एक आणि मंचावर दुसरी, हे लोकांना चालायचं नाही, असं कंपनीचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. लॉर्नानेही तेव्हा मान डोलावली होती.

तॅम्झिन चांगली गात होती. तीच तर पंचाईत होती.

पहिली बाजू संपली. "तिसऱ्या गाण्यात एक टिचकी आहे," लॉर्ना म्हणाली. "धूळ असेल. पण कळव."

गॅविनने पेनाने हातावर लिहून घेतलं आणि तबकडी उलटली.

शेवटच्या गाण्यात आधी गिटार एकटीच वाजते. ती वाजली. मग पहिल्या शब्दाच्या अलीकडे कुणीतरी श्वास घेतला. अर्धा. किंचित थांबून, उरलेला.

नेलच्या पाठीवर फिरणारा लॉर्नाचा हात जागच्या जागी राहिला.

"हां, हेच!" गॅविनने सुई उचलली. "यावरून भांडणं झालीत. तॅम्झिन म्हणते, हा श्वास माझा नाही, जुनं काहीतरी राहिलंय. मी म्हणतो, तुझाच आहे बाई, दमली होतीस. सबंध अल्बममध्ये एवढी जिवंत जागा दुसरी नाही, लॉर. ती गेली तर मी रडेन, खरं सांगतो. पण जुना असला तर काढावाच लागेल, कंपनीला तसा शब्द दिलाय. शेवटी सगळे म्हणाले, लॉर्नाला ऐकव. ती सांगेल ते खरं."

त्याने सुई पुन्हा टेकवली. श्वास पुन्हा आला.

लॉर्ना आजकाल रात्रंदिवस श्वासच ऐकत असे. शांत झोपेतला, चोंदलेल्या नाकातला, ऐकू न आला की काळजात धस्स करणारा. हा तर तिने कुठेही ओळखला असता. फेब्रुवारीतली ती रेकॉर्डिंगची गारठलेली खोली. समोर स्टुलावर गॅविन गिटार घेऊन. दोघं एकाच वेळी वाजवत-गात होती. तिला सातवा महिना. छाती भरून श्वास घ्यायला गेली आणि आतून बरगडीखाली एक टाच लागली. श्वास मध्येच तुटला होता. पुढे तिचा आवाज पुसला गेला, पण गॅविनची गिटार तीच ठेवली. गिटारच्या माइकने गिटारबरोबर आणखी काय काय ऐकलंय, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"बोल ना," गॅविन म्हणाला. "काढायचा?"

लॉर्नाने खांद्यावरच्या नेलच्या झबल्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"तिचाच आहे," ती म्हणाली. "तॅम्झिनचा. राहू दे."

"नक्की?"

"माझा असता तर मला कळला नसता का?"

"बघ! म्हणालो नव्हतो?" गॅविनने टेबलावर थाप मारली आणि लगेच बाळाकडे बघून जीभ चावली. मग दबक्या आवाजात म्हणाला, "स्वतःचा श्वास ओळखता येत नाही, आणि निघाली गायला. सांगतोच तिला."

"काही सांगू नकोस. चांगली गाते ती."

त्याने तबकडी पाकिटात घातली, उरलेला चहा उभ्यानेच संपवला. दारात थांबून म्हणाला, "छापायच्या पाकिटावर मागे आभार आहेत ना, त्यात तुझं नाव घातलंय. अगदी वर."

"तुझ्या आईच्याही वर?"

"आईच्या खाली. तिने गॅरेज दिलं होतं, बये."

लॉर्नाने दार लोटून घेतलं. आत रेकॉर्ड प्लेअरची चकती तबकडीशिवायच फिरत होती. ती बंद करायला लॉर्ना वळली, तोच खांद्यावर, मघाच्या रडण्याचा कढ बाकी असावा तसा, नेलने झोपेत श्वास आत ओढला. अर्धा. किंचित थांबून, उरलेला.

लॉर्ना होती तिथेच उभी राहिली, पुढची ओळ यायची वाट बघत.