डोरिकाचं सॉरी

फेम्के पुन्हा ओकली. पोटात आता काही उरलंच नव्हतं, नुसतं पिवळं कडू पाणी पडलं. डोरिकाने एका हाताने बादली धरली आणि दुसऱ्या हाताने पोरीचे केस मागे ओढून धरले.

"सॉरी, सॉरी," ती म्हणाली. "सॉरी गं पोरी."

पहाटेपासून हेच चाललं होतं. डोरिकाचे पाय भरून आले होते. तळ्याकाठच्या या गेस्ट हाउसची ती स्वयंपाकीण. पाहुण्यांच्या ओकाऱ्या काढणं काही तिचं काम नव्हतं. पण पाठीवर बोचकं टाकून हॉलंडहून मलावीत आलेली ही एवढीशी पोर, आई समुद्रापलीकडे, तिचं करणार कोण? सोबत आलेला तिचा मित्र योरिस नाकाला रुमाल लावून दाराबाहेर उभा होता. डोरिका चमच्याने पेज भरवायची. पोर दोन घास घ्यायची आणि पोट धरून संडासाकडे पळायची. परत आली की डोरिका म्हणायची, सॉरी. कळ आली की सॉरी. पाय लटपटले की सॉरी.

योरिस ऐकत होता. दुपारी तो मालकाकडे गेला. मालकाने डोरिकाला ओसरीवर बोलावून घेतलं.

मालक म्हणजे चिरवा. गोरे त्याला बॉस म्हणत, गावातले बांबो, म्हणजे बाबा, म्हणत. याच किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालेला माणूस.

"रात्रीचा मासा," योरिस म्हणाला. "हिने स्वतः कबूल केलंय. सकाळपासून माफी मागत बसली आहे. काही केलंच नसतं तर सॉरी कशाला म्हणाली असती?"

डोरिकाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू फुटायला आलं.

"अरे बाबा, मासा तूही खाल्लास की! वर आणखी मागून घेतलास. उरला तो मी खाल्ला." मग ती आपल्या भाषेत चिरवाकडे वळली. "बांबो, सांगा ना याला. कुणाला ठेच लागली की आपण पेपानी म्हणतो. मयताला गेलो की पेपानी म्हणतो. यांच्या भाषेत त्याचं सॉरी होतं, म्हणून सॉरी म्हणाले. मयत झालेला माणूस काय आपण मारलेला असतो?"

चिरवाला हे सांगायची गरज नव्हती. हा शब्द त्याने आईच्या दुधाबरोबर प्यायला होता. दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं.

पण योरिसच्या हातात फोन होता आणि अंगठा फोनवर. "मी हे फोटोसकट नेटवर टाकणार आहे," तो म्हणाला. "मला फक्त एवढं सांग, ही बाई अजून स्वयंपाकघरात राहणार आहे का?"

डोरिकाचं हसू विरलं. पाहुण्याचं पोट बिघडवलं म्हणून काढलेल्या बाईला त्या किनाऱ्यावर पुन्हा कुणी चुलीपाशी उभं करत नाही. हॉटेलांचं सोडा, मयताच्या घरी बायका मिळून रांधतात, तिथेसुद्धा पातेल्याला हात लावू देत नाहीत. आणि रांधण्याशिवाय डोरिकाला दुसरं काही येत नव्हतं.

चिरवाने तळ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं, सर," तो इंग्रजीत म्हणाला. "आजपासून ती इथे दिसणार नाही."

गोरा ओकला की काळ्या बाईचे हात घाण. हिशेब गोरा मांडतो, पण उत्तर लिहायला आपलाच माणूस बसलेला असतो.

डोरिका स्वयंपाकघरात गेली. तिने लाकडी पळी धुतली, ती तिची स्वतःची होती. चादरी धुणारी एलुबे दारात येऊन टेकली.

"मुकी हो बाई आता," एलुबे म्हणाली. "उद्या कुणी शिंकलं तरी आपल्यालाच धरतील."

तेवढ्यात खोलीतून हाक आली. "डोरिका!"

"जाऊ नकोस," एलुबे म्हणाली. "त्या रुमालवाल्याला धरू दे बादली."

डोरिका गेली. तिने बादली धरली, केस धरले. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. पोर ओकून मागे रेलली, डोळे मिटूनच म्हणाली, "बोलत का नाहीस आता? तू बोलतेस तेव्हा बरं वाटतं."

डोरिकाने तिचं तोंड पुसलं. पळी काखेत मारून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

चिरवा तिथेच उभा होता. डोळे ओले. खोटं कशाला सांगा, खरोखरच ओले. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"पेपानी, माई," तो म्हणाला. "पेपानी, पेपानी. फार वाईट झालं तुमचं."

आवाज अगदी तोच, सकाळपासून ती पोरीपाशी बोलत होती तो. मायेचा, हळवा. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून बोलावा तसा. जणू हे संकट वाऱ्यावरून आलं होतं, कुणी केलंच नव्हतं.

डोरिकाने हात सोडवून घेतले.

"मला काही ताप आलेला नाही, बांबो. तुम्ही काढलंय मला. आपलं पेपानी राहू द्या. त्या योरिसचं सॉरी म्हणा, कबुलीचं."