बर्फावरची रांगोळी

मंगोलियातल्या बर्फाळ पहाटे सुवार्ता शेजारच्या सारनआजींच्या दारात रांगोळीची फुलं काढत होती. आजींची लेक बाळंतपणासाठी दूरच्या शहरी निघणार होती. बाळ पोटात आडवं होतं. पाकळीगणिक सुवार्ता पुटपुटत होती, "प्रभू, दोघांना सुखरूप आण."

"अगं, परक्यांच्या दारात कशाला?" मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर असलेला नवरा कुजबुजला. "आजी रागावतील."

लेक फुलांवरून अलगद चालत गाडीत बसली. गाडी हलताच आजी दुधाचं पातेलं घेऊन आल्या आणि पळीभर दूध थेट रांगोळीवर ओतलं. लाल-पिवळे रंग ओघळले. सुवार्ता मागे सरली. अपशकुन वाटला की काय यांना?

मग आजींनी पुढची पळी गाडीमागे आभाळात उडवली. धुक्यात दूध कुठलं आणि बर्फ कुठला, कळेना.

"जाणाऱ्यामागे आम्ही दूध शिंपडतो, वाट शुभ्र राहते," आजी म्हणाल्या. "पोरगी तुझ्या फुलांवरून गेली, म्हणून थोडं त्यांनाही पाजलं."

सुवार्ताचे डोळे भरून आले. आजींनी दुधाची पळी भरून तिच्या हातात कोंबली.

"रडतेस काय, वेडे? गाडी वळणाशी पोचली. तुझ्या देवाला मोठ्यानं हाक मार, आणि टाक!"