चरता टॉवर

"इथं टॉवर कुठंय हो, मावशी?" रुग्णवाहिकेतून उडी टाकत नर्सबाईनं विचारलं. आत एक बाई अडली होती. बाळ पायाळू होतं आणि बाळंतपण कसं करायचं ते फोनवरून सांगणाऱ्या शहरातल्या डॉक्टरांचं चित्र ऐन वेळी गोठलं होतं.

"ह्यो काय, म्होरं उभा हाय," होनाबाई म्हणाली.

समोर तिची दोनशे मेंढरं उन्हाच्या तडाख्यानं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून गोळा झाली होती. त्यांच्या लोकरीतच आता नेट पकडणारे धागे उगवत. पण मेंढरं अशी दाटली, की टेकडीपलीकडच्या दिराच्या कळपाशी असलेला दुवा तुटायचा आणि अख्ख्या माळावरचं नेट जायचं.

नेट मिळेल तिकडं जावं म्हणून ड्रायव्हर गाडी वळवायला लागला.

"थांब रं! गाडी हालवू नगंस," होनाबाई ओरडली. "टॉवर मी हालवते."

दोन बोटं तोंडात घालून तिनं सासूनं शिकवलेली लांब शीळ घातली. मेंढरं ढिम्म. तिसऱ्या शिळेला म्होरक्या मेंढा नाखुशीनं चढणीला लागला आणि त्याच्यामागं सगळा कळप माळेसारखा उलगडत टेकडीच्या माथ्यापर्यंत गेला.

गाडीत डॉक्टरांचा आवाज खणखणीत उमटला. बाळाचं रडणं कानी येईस्तोवर होनाबाईनं शीळ थांबवली नाही.

घामानं निथळत नर्सबाई बाहेर आली. "मावशी, कुठल्या कंपनीचं नेट वापरलं, ते फॉर्ममध्ये भरावं लागतं."

होनाबाईनं सुकलेले ओठ पदरानं पुसले.

"कंपनी न्हाई गं, कळप. होनाबाईचा कळप. मोठ्या अक्षरात लिही."